बिरोळी बंदर: इतिहास, ओहोटी आणि आकर्षणे

बंदराला समुद्र लागतोच, ही समजूत मुख्यतः समुद्रकाठच्या लोकांनी पसरवलेली आहे. तीत त्यांचा स्वार्थ आहे, हे निराळे सांगायला नको. शांतपणे विचार केल्यास बंदराला लागणाऱ्या वस्तू अशा: एक फलक, एक माहितीपुस्तिका, उद्घाटनापुरता मंडप आणि पाहुण्यांना परत नेणारे वाहन. समुद्र असल्यास शोभा वाढते. नसल्यास काम अडत नाही. आपल्याकडे पुस्तकांवाचून वाचनालये चालतात, शिक्षकांवाचून शाळा चालतात आणि (वाचकाने येथे हसू नये) रस्त्यावाचून टोलनाके चालतात. मग पाण्यावाचून एखादे बंदर चालले, तर भूगोलाने नाक मुरडण्याचे कारण काय?

हा विचार शासनाच्या एका खात्याला सुचला आणि त्यातून ‘छोटी बंदरे, थोर वारसा’ ही योजना जन्मली. (खात्याचे नाव येथे देत नाही. खात्यानेच ते मध्यंतरी दोनदा बदलले आहे.) जिल्हे तितकी बंदरे, हे योजनेचे सूत्र. रुग्णालय प्रत्येक जिल्ह्याला, कारागृह प्रत्येक जिल्ह्याला, मग बंदरेच काय ती समुद्राच्या लाडक्या जिल्ह्यांनी आपसांत वाटून घ्यावीत? समुद्राने हजारो वर्षे चालवलेला पक्षपात एका परिपत्रकाने दूर झाला. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्यालाही एक बंदर आले आणि ते मार्चअखेरीच्या आत कोठेतरी ठेवणे भाग होते.

सोलापुरात सात रस्ता या चौकात, चादरींच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, या योजनेचा कक्ष उघडला. कक्षाधिकारी सोमेश नावाचे तरुण गृहस्थ. स्वभावाने प्रामाणिक, अशी कामे नेहमी प्रामाणिक माणसाकडेच देतात. बंदर कोणत्या गावाला द्यायचे हे त्यांनी मनाने ठरवायचे नव्हते. वरून कसोट्या आल्या होत्या. गावातील पुरुष दिवाळीनंतर घर सोडून पावसाच्या तोंडावर परततात काय? तोवर गावाचा कारभार बायका पाहतात काय? निघताना देवाचा कौल घेतात काय? आभाळ आणि तारे पाहून वाट ठरवतात काय? परतल्यावर आठवडाभर गातात, पितात आणि भांडतात काय? कोकणातल्या जुन्या, अस्सल बंदरांनाही या परीक्षेत काठावरचे गुण मिळाले. तेथील तरुण आता परगावी नोकऱ्या करतात आणि तारे पाहत नाहीत. बिरोळीला पैकीच्या पैकी गुण पडले.

बिरोळी हे जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कोरड्या माळावरील धनगरांचे गाव. दिवाळी झाली की पुरुषमाणसे मेंढरांचे कळप घेऊन चाऱ्याच्या मागे घाट उतरतात आणि पाऊस दिसू लागला की परत फिरतात. मागे राहतात बायका, शेळ्या, म्हातारे आणि सरपंच मायाक्का.

मायाक्का सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. कपाळाला आडवा भंडारा, नऊवारीचा पदर खोचलेला, आणि आवाज असा की माळावरच्या शेळीला हाक मारली तर शेजारच्या शिवारातली शेळीसुद्धा परत येई. राज्यकारभाराविषयी त्यांचे एकच तत्त्व होते: आलेल्या योजनेला नाही म्हणू नये. शेजारच्या एका वाडीने पूर्वी एकदा मत्स्यबीज नाकारले होते. त्या वाडीला पुढे विजेचा दिवासुद्धा मिळाला नाही. बिरोळीने मात्र मत्स्यबीज घेतले, मच्छरदाण्या घेतल्या, घसरगुंडी घेतली आणि भीमेला महापूर आला त्या वर्षी एक लोखंडी होडीही घेतली. पुराचे पाणी बिरोळीच्या टेकाडावर यायचे तर आधी निम्मे सोलापूर बुडावे लागले असते. परंतु होड्या गावागणिक वाटायच्या होत्या आणि आपत्तीत भेदभाव करणे बरे नव्हे.

ती होडी हेच बिरोळीचे जीवन होते. गावात पाण्याची टाकी नव्हती. आठवड्यातून दोनदा टंचाईचा टँकर येई, त्याचा चालक चन्नप्पा तो होडीत रिकामा करी, वरच्या अंगाने बायका घागरी भरीत आणि खालच्या अंगाने शेळ्या पीत. या क्रमाला बाधा आली तर मायाक्का दोन्ही बाजूंना सारख्याच शब्दांत झापत.

बंदर मंजूर झाल्याचे कळताच त्यांचे धाकटे दीर बिरुदेव यांनी शंका काढली. गुडघ्यामुळे ते हल्ली कळपाबरोबर जात नसत आणि त्यामुळे शंकांना त्यांना वेळ मिळे.

“वैनी, बंदराला समिंदर लागतोय की.”

“आदी बंदर येऊ द्या,” मायाक्का म्हणाल्या. “समिंदराचं मागनं बगू. घसरगुंडी आली तवा पोरं तरी कुटं हुती?”

माहितीपुस्तिका सोमेश यांनी स्वतः लिहिली. तीत खोटे काहीही नव्हते, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. नमुन्यातील प्रत्येक रकान्यात बिरोळीत जे खरोखर होते तेच त्यांनी बसवले. जिज्ञासूंसाठी काही भाग येथे उद्धृत करतो:

‘बिरोळी हे प्राचीन बंदर असून येथील तांडे दरवर्षी दिवाळीनंतर सुटतात व ज्येष्ठात परततात. तांड्यातील गलबतांची संख्या अकराशेच्या आसपास असून ती स्वतःच्या पायांनी चालतात. मुख्य निर्यात: लोकर. आयात: कोकणातील सुपारी, ताप. दीपगृह: बिरोबाच्या देवळापुढील दगडी दीपमाळ (सणासुदीला कार्यरत). धक्का: पाझर तलावाच्या पायऱ्या. लाटा: उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार या वेळेत माळावर स्पष्ट दिसतात, जवळ जाऊ नये, सरकतात. सद्यःस्थिती: ओहोटी.’

उद्घाटन थाटात झाले. प्रमुख पाहुण्यांनी कोरड्या तलावात श्रीफळ अर्पण केले. ते पाण्यात पडण्याऐवजी दगडावर पडल्यामुळे आपोआप फुटले आणि वेळ वाचला. फाट्यावर ‘बिरोळी बंदर’ असा निळा फलक लागला. मायाक्कांच्या हस्ते होडीला हार घालण्यात आला. तो शेळ्यांनी भाषणे संपायच्या आत खाल्ला. गावाला योजना मिळाली, शासनाला बंदर मिळाले, आणि कोणाचे काहीही बिघडले नाही, असे पुढचे दोन-तीन दिवस सर्वांना वाटत राहिले.

त्या आठवड्यात टँकर आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात चन्नप्पा आला, पण मोटारसायकलवरून. तो अक्कलकोटकडचा, वाईट बातमी सांगताना त्याची मराठी हळूहळू कानडीकडे झुके. टँकर बंद झाल्याचे त्याने फाट्यापासून सुरू करून होडीपाशी येईपर्यंत कसेबसे सांगितले. “आक्का, आता बंदर झालं री तुमचं. बंदराला टंचाई न्हाई म्हन्तेत. मी काय करू री?”

होडीचा तळ दिसू लागला होता. बायकांनी घागरी घेऊन मैलभर दूरच्या उपशाच्या विहिरीकडे जायला सुरुवात केली आणि घरोघर कळपाबरोबर गेलेल्या पुरुषांची आठवण निघू लागली. प्रेमाने नव्हे, ते तिकडे ओढ्याकाठी आहेत म्हणून.

मायाक्कांनी बारा बायका सोबत घेतल्या, एसटी पकडली आणि सात रस्त्यावरच्या कक्षात जाऊन बसल्या. रिकाम्या घागरी त्यांनी मुद्दाम बरोबर आणल्या होत्या. टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यांवर ठेवाव्या लागल्या.

सोमेश यांनी सर्वांना चहा मागवला आणि अडचण सविस्तर समजावून दिली. टंचाईग्रस्त गाव म्हणजे ज्याच्याजवळ पाणी नाही ते गाव. बंदर म्हणजे जे पाण्याच्या काठावर आहे ते गाव. एकच गाव एकाच आर्थिक वर्षात दोन्ही असू शकत नाही. बंदराचा दर्जा रद्द करून घेता येईल. परंतु बंदर बंद करण्यासाठी जलमार्ग, जकात आणि गोदी या तिन्ही विभागांचे ना-हरकत लागते, आणि बिरोळीत यांपैकी काहीच नसल्यामुळे ते देणार कोण?

मायाक्कांनी चहा बशीत ओतून संपवला. मग विचारले, “सायेब, पुस्तकात आमच्या दर्याला काय लिवलंय तुमी?”

“ओहोटी.”

“ओहोटीनंतर काय येतंय?”

सोमेश यांनी उत्तर देण्यापूर्वी बराच विचार केला. उत्तर त्यांना येत होते. ते देणे कितपत सुरक्षित आहे हे ठरत नव्हते. “भरती,” ते शेवटी म्हणाले.

“मग आमची भरती कुटं हाय? ओहोटी आमच्या नावावर लिवलीसा, भरती दुसऱ्या कुनाच्या नावावर गेली काय?”

ओहोटी मान्य करून भरती नाकारणे हा उघड अन्याय होता, आणि ओहोटी अमान्य करायची तर पुस्तिका खोटी ठरत होती. फाइल वर गेली. वरून आणखी वर गेली. तेथे एका अनुभवी गृहस्थांनी तिच्यावर शेरा मारला की बंदर आमचे असल्याने त्यास भरती पुरवणे हे आमचे कर्तव्य आहे. नैसर्गिक भरती उपलब्ध नसल्यास पर्यायी व्यवस्था करावी.

पंधरवड्याच्या आत चन्नप्पा टँकर घेऊन बिरोळीत हजर झाला. टँकर तोच होता. पाठीवरचा ‘टंचाई’ हा शब्द खोडून तेथे ‘भरती’ असे रंगवले होते, एवढाच फरक. टंचाईचा टँकर आठवड्यातून दोनदा येई. भरती मात्र, शास्त्राप्रमाणे, दिवसातून दोनदा येते.

इतके पाणी होडीत मावेना. बंदरात होडी पाण्याने भरलेली असते, हे दृश्य कक्षालाही बरे दिसेना. होडी वर आणि पाणी खाली, असा क्रम हवा होता. तेव्हा धक्क्याजवळ एक मोठे शेततळे खणून त्याला प्लास्टिकचा कागद अंथरण्यात आला, आणि बिरोळीचा समुद्र त्यात सोडला. होडी प्रथमच तरंगली. पिढ्यान् पिढ्या घागरीने मोजलेले पाणी आता डोळ्यांनी मोजावे लागत होते. मायाक्का रोज सकाळी काठावर उभ्या राहून ते मोजत, आणि कोणी पाहत नाही असे बघून पदराने डोळे पुसत. (वाऱ्यामुळे. माळावर वारा फार असतो.)

पाणी दिसले म्हणताच पर्यटक आले. रविवारी सोलापुरातून गाड्या सुटू लागल्या. चार-पाच दिवसांआड ज्यांच्या नळाला पाणी येते, त्या सुशिक्षित कुटुंबांना कधीही पाहता येणाऱ्या पाण्याचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. ते कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे घेऊन काठावर बसत, होडीत बसून फोटो काढत आणि मुलांना ‘हा बघ समुद्र’ असे सांगत. कक्षाने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष असे: शंभरापैकी चौऱ्याहत्तर पर्यटकांनी पूर्वी समुद्र पाहिलेला नव्हता; त्यांपैकी सत्तर जणांना हा अपेक्षेपेक्षा लहान, पण स्वच्छ वाटला. उरलेल्या सव्वीस जणांनी समुद्र पूर्वी पाहिला होता आणि त्यांचे मत विचारण्यात आले नाही.

बिरोळीच्या सुखात विघ्न आले ते चिकित्सक वृत्तीमुळे. एका सुज्ञ पर्यटकाने ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहिले आणि कक्षाकडे तक्रार केली की समुद्र खारट नाही. पुढच्या रविवारी अनेकांनी चव घेऊन पाहिली. तक्रारी वाढल्या. सर्वांचे म्हणणे एकच: आम्ही एवढ्या लांबून येतो, तर निदान अस्सल वस्तू मिळावी.

कक्षाने तक्रारींची दखल घेतली आणि बिरोळीला मिठाची पोती रवाना केली. एक पूर्ण ट्रक. पुढच्या सोमवारी वरिष्ठ साहेब स्वतः चव पाहण्यास येणार होते. सोमेश आदल्या आठवड्यात येऊन हे सांगून गेले, तेव्हा त्यांना मायाक्कांच्या डोळ्यांकडे पाहता येत नव्हते.

“आक्का, मीठ घातलं नाही तर हा समुद्र नाही. समुद्र नाही तर भरती नाही. भरती नाही तर टँकर नाही. आणि बंदर तर तुम्ही आहातच, त्यामुळे टंचाईही नाही.”

“आन् मीठ घातलं तर?”

“तर टँकर आहे,” सोमेश म्हणाले. “पाणी नाही.”

गावात दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की थोडेसेच मीठ घालावे; साहेबांच्या जिभेला कळेल, शेळीला कळणार नाही. बिरुदेव यांनी आयुष्यात मेंढरे घेऊन कोकणापर्यंत मजल मारली होती. त्यांनी एवढेच सांगितले की तहानलेले मेंढरू खाडीला तोंड लावते, तोंड काढते, आणि मग मालकाकडे असे पाहते की मालकाला त्या रात्री भाकर गिळवत नाही.

मायाक्का कोणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. त्या शेळ्यांकडे गेल्या. धनगरांच्या रीतीप्रमाणे जनावराला अधूनमधून मीठ चाटवावे लागते; एक करडू आजारी होते आणि मिठाची तर आता ददात नव्हती. त्यांनी मूठभर मीठ तळहातावर धरले, करडाने ते चाटले. मग त्यांना तहान लागली, म्हणून तळ्याकाठी वाकून त्याच हातांच्या ओंजळीने त्या पाणी प्यायल्या.

त्या थांबल्या. ओंजळीकडे पाहिले. आणखी एक घोट घेतला. मग अंगणात येऊन बायकांना फर्मावले की पोती घरात घ्या. एक दाणाही तळ्यात पडता कामा नये.

सोमवारी वरिष्ठ साहेब आले. बंदराच्या वेशीवर मायाक्का तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी साहेबांच्या कपाळी भंडारा लावला आणि उजव्या तळहातावर चांगले चमचाभर बारीक मीठ ठेवले. बंदरात शिरण्याची ही जुनी रीत आहे, असे त्यांनी सांगितले. मीठ मुठीत घट्ट धरायचे, जिभेला लावायचे, आणि मगच दर्याला हात लावायचा, नाहीतर दर्या कोपतो. (किती जुनी, असे कोणी विचारले नाही. रीतीचे वय विचारणे असभ्यपणाचे असते.) साहेबांनी भक्तिभावाने जीभ लावली, मूठ आवळली, काठावर जाऊन त्याच हाताने पाणी घेतले आणि तोंडात सोडले.

साहेबांचे तोंड वाकडे झाले. “अरे, हे तर भलतेच खारट आहे,” ते म्हणाले.

एवढ्यात पलीकडच्या काठावर पन्नासेक शेळ्या रांगेने आल्या आणि समुद्र पिऊ लागल्या. हे अनपेक्षित नव्हते. त्यांची ती वेळच होती, आणि शेळ्यांना साहेबांच्या दौऱ्याची सूचना कोणी दिलेली नव्हती. साहेबांनी भुवया वर केल्या.

“शेळ्या समुद्राचं पाणी पितात?”

“बंदरावरच्या शेळ्या हायत, सायेब,” मायाक्का म्हणाल्या. “जल्मापास्नं सवय हाय की.”

साहेबांनी मान हलवली आणि सोमेश यांना चव पाहण्यास सांगितले. मायाक्कांनी सोमेश यांच्या हातावर मीठ ठेवले. सोमेश यांनी आधी मिठाकडे पाहिले, मग शेळ्यांकडे, मग काठावर ओळीने ठेवलेल्या घागरींकडे. नंतर त्यांनी सावकाश जीभ लावली, पाणी घेतले आणि प्यायले. एक नव्हे, तीन ओंजळी. माणूस सकाळपासून उन्हात होता.

“खारटपणा समाधानकारक आहे, सर,” ते म्हणाले. प्रामाणिक माणसाने आयुष्यात एकदा तरी खोटे बोलावे ते असे, जिभेवरच्या चवीनुसार.

तेव्हापासून बिरोळी बंदराची भरभराट चालू आहे. भरती दिवसातून दोनदा येते, घागरी भरतात, शेळ्या पितात. मिठाची रीत फार लोकप्रिय झाली असून काही विद्वानांनी तिचा उगम सागरी संस्कृतीत शोधून काढला आहे. चवीबद्दल एकही तक्रार उरलेली नाही.

आपणही गेल्या रविवारी सहकुटुंब येऊन गेलात. आपल्या हातावर मायाक्कांनी मीठ ठेवले, आपण चव घेतलीत, ‘अगदी अस्सल’ असे म्हणालात आणि आठवण म्हणून समुद्राची एक बाटली भरून घरी नेलीत. घरी हात स्वच्छ धुऊन आपण ते पाणी पुन्हा चाखून पाहिलेत. ते गोड लागले. आपण काही क्षण विचार केलात. मग स्वयंपाकघरात गेलात, मिठाचा डबा काढलात, दोन चमचे बाटलीत घालून ती नीट हलवलीत, आणि त्यानंतरच शेजाऱ्यांना समुद्र दाखवायला हाक मारलीत.